मिस ओडेसावरचं गाणं

फिलाडेल्फिया,
१४ जून १९९३

शारीस,

मला काहीही वाटलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

तुमचा अल्बम ऐकला. विकत घेऊन नाही. दुपारच्या फेरीला बावन्नाव्या रस्त्यावर शाळेची पोरं माझ्या बसमध्ये चढली, मागच्या बाकावर पसरली आणि त्यांनी टेप लावला. मी वळण घेत होते आणि पाठीमागून तुझा आवाज आला. दोन वर्षांत पहिल्यांदा. इतका जवळून, की मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

मग दुसरा आवाज आला. जिथे माझा यायचा तिथे.

बसमध्ये टेप वाजवायचा नाही असा नियम आहे. मी गाडी कडेला घेतली, उठून मागे गेले आणि बंद करायला लावला. पोरं म्हणाली, "बाई, ब्लॉक कॅप्टन्स आहेत! आपल्याच इथल्या आहेत!"

"कुठल्या आहेत ते मला माहीत आहे," मी म्हटलं.

त्यातलं एक कार्टं हळूच म्हणालं, "जळतात नुसती माणसं." त्याला मी खाली उतरवलं नाही. उतरवू शकले असते.

आता हे तूच सांग. आपण तिघांनी, म्हणजे तू, मी आणि रेकॉर्ड वाजवणारा व्हॉन, गटाला हे नाव दिलं ते कशावरून? माझ्या आईवरून. गल्लीची कॅप्टन कोण? आई. शनिवारी सकाळी दारं ठोठावून सगळ्यांच्या हातात झाडू देणारी कोण? आई. मग त्या नावाखाली ही नदीपलीकडची, कॅम्डनची डॉमिनिक काय म्हणून उभी आहे? तिने आपली गल्ली पाहिली तरी आहे का? फोटो काढलात तोही ब्रुकलीनच्या कुठल्या तरी पायऱ्यांवर. आपल्या पायऱ्या संगमरवरी आहेत. त्यांना काय झालं होतं?

कंपनीचा माणूस आला त्याच आठवड्यात मला बसची नोकरी लागली. आईच्या औषधपाण्याचा विमा त्या नोकरीबरोबर येत होता. मी काय म्हटलं होतं? तुम्ही दोघं पुढे व्हा, मी मागून येते. मागून येते म्हटलं होतं, येत नाही असं नाही. तू पुरता उन्हाळासुद्धा थांबली नाहीस.

जाऊ दे. अभिनंदन करायला पत्र लिहायला घेतलं होतं. अभिनंदन.

निटा

ता.क. टेप बंद करायला लावला तेव्हा चौथं गाणं नुकतंच सुरू झालं होतं. 'मिस ओडेसा'. एवढंच कानावर पडलं. माझ्या आईवर गाणं आहे आणि मला ते बसमध्ये कळतं.


फिलाडेल्फिया,
११ जुलै १९९३

शारीस,

तुझं उत्तर नाही. मोठी माणसं झालात, समजू शकते.

हे पत्र मी आईच्या सांगण्यावरून लिहितेय. ती समोर बसून वाटाणे सोलतेय आणि मधून मधून "काय लिहिलंस?" म्हणून विचारतेय. मी तिला "छान छान लिहिलंय" म्हणून सांगतेय.

आईने कॅसेट घेतली. माझ्याकडून मागवली नाही, स्वतः चालत दुकानात गेली, तेही काठी न घेता. तुला माहीत आहे ती काठीला काय म्हणते. अजून 'छत्री'च म्हणते. कंबर दुखते, एक पाय ओढत चालते, पण गल्लीत कोणाची टाप नाही तो विषय काढायची. डॉक्टरने काढला तर तिने डॉक्टर बदलला. तर अशी ती कॅसेट घेऊन आली आणि मिस बर्नीसला, टपालवाल्याला, चर्चच्या पायऱ्यांवर पास्टरला, सगळ्यांना सांगत सुटली, "माझ्यावर गाणं केलंय पोरींनी." पोरींनी! मी दर दोन आठवड्यांनी पगार घरी आणते, तिला दवाखान्यात नेते-आणते. माझा फोटो शेल्फवर नाही. तुमच्या कॅसेटचं वेष्टण आहे, फ्रेममध्ये.

मग मीही ऐकलं. पूर्ण. दार लावून.

गाणं तू लिहिलं आहेस हे पहिल्या ओळीत कळलं. तिची रविवारची टोपी, झाडू आपटून फुटपाथवरच्या पोरांना हाकलणं, उरलेल्या पावाचं पुडिंग करून अख्ख्या गल्लीला वाटणं, तू आमच्याकडे जेवायला आलीस की तुझ्या घरचं काही न विचारता दुसरं ताट मांडणं. मला त्या घरात राहून तेवीस वर्षं झाली. मी आईवर आजवर एक ओळ केली नाही. सुचलंच नाही. ती आहेच ना रोज, समोर. तुला मात्र सुचलं. आणि चांगलं सुचलं. हे लिहिताना माझी बोटं दुखतायत.

पण ते म्हणायला तुला ती डॉमिनिक मिळाली? दुसऱ्या कडव्यात "टोपी" म्हणाली की ती दम घेते. तिथे दम घ्यायचा नसतो. तिथे थांबलं की ठेका पुढे निघून जातो आणि आपण त्याच्यामागे धावत सुटतो. आपल्या पायऱ्यांवर बसून आपण हे शिकलो होतो. तुला ऐकू येत नाही का आता?

वेष्टणावर आभार मानलेत त्यात माझं नाव सापडलं. बर्फाच्या गोळ्यांच्या दुकानानंतर आणि व्हॉनच्या न्हाव्याच्या आधी. न्हाव्याच्या आधी आले, हेही कमी नाही.

आता निरोप. शनिवारी २१ ऑगस्टला गल्लीची पार्टी आहे. दोन्ही टोकांना आडवे खांब लावून रस्ता बंद, टेबलं, तळलेले मासे, मॅकरोनी, पोरांसाठी नळ सोडणार, सगळं नेहमीसारखं. आईची इच्छा आहे की तुम्ही तिघांनी यावं आणि ते गाणं गल्लीत म्हणावं. कामात असाल तर येऊ नका. खरंच. आई समजून घेईल.

आईने आत्ता विचारलं, "येतील ना?" म्हणून परत लिहिते. या.

निटा


फिलाडेल्फिया,
३० जुलै १९९३

शारीस,

तुझं कार्ड आलं. आईच्या नावावर. "येतो, मॅकरोनीचा कडेचा करपलेला तुकडा माझ्यासाठी ठेवा." माझ्यासाठी एक अक्षर नाही. कार्डावर जागा होती. मी बघितली.

पण हे पत्र त्यासाठी नाही. काल तुझी डॉमिनिक माझ्या बसमध्ये आली होती. तू पाठवलीस का? ती नाही म्हणाली.

टोकन टाकलं आणि माझ्यामागच्या आडव्या सीटवर बसली. ड्रायव्हरशी बोलू नये असं वर लिहिलेलं आहे, तिने वाचलं आणि बोलायला लागली.

"तू निटा ना?"

"छातीवर नावाची पट्टी आहे. वाच."

"मी डॉमिनिक."

"माहीत आहे."

पुढच्या थांब्यावर म्हणाली, "मला वाटलं तू उंच असशील."

"का?"

"शारीस बोलते तेव्हा तू खूप उंच वाटतेस."

मी आरशातून तिच्याकडे पाहिलं. फोटोत दिसते तेवढी दिमाखदार नाही गं ती. नखं खाते.

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले, ती बसून राहिली. मी डबा उघडला. नाइलाजाने विचारलं, "काय काम काढलंस?"

"दीड वर्ष तुझ्या नावाने बोलणी खातेय मी," ती म्हणाली. "निटा इथे दम घ्यायची नाही. निटा हा शब्द ओढायची. निटा असती तर एका फटक्यात झालं असतं. एकदा तर ध्वनिमुद्रण करताना शारीस मला चुकून निटाच म्हणाली. व्हॉन हसला. मी संडासात जाऊन रडले. आणि तू इथे बस चालवतेस, सँडविच खातेस, तुझं बरं आहे."

"माझं बरं आहे?"

"तुझी जागा कोणी घेऊ शकत नाही ना. मी घेऊन बसलेय तरी ती तुझीच."

शारीस, मला किती बरं वाटलं ते सांगणार नाही. सँडविच मात्र मी पूर्ण संपवलं, आणि चवीने.

तिला पार्टीची भीती वाटतेय. म्हणाली, "गाण्यातल्या बाईसमोर ते गाणं म्हणायचंय, आणि मी तिला कधी पाहिलेलं नाही. शारीसने सगळं सांगितलंय, पण तिचं सांगणं म्हणजे देवळातल्या मूर्तीबद्दल सांगितल्यासारखं. तू सांग ना. घरात कशी असते? कशी चालते, कशी बोलते? तिला काय आवडतं?"

मग मी सांगितलं थोडंफार. मन लावून ऐकलं तिने, दोनदा विचारून घेतलं. मनाने चांगली आहे पोरगी. सांगितलेलं करेल असं वाटतं. काय सांगितलं ते तिला विचारू नकोस, तिला तुम्हाला चकित करायचंय.

मी मात्र त्या दिवशी नसेन. जादा ड्यूटी घेतली आहे. माणसं कमी आहेत.

निटा


फिलाडेल्फिया,
२२ ऑगस्ट १९९३

शारीस,

माणसं कमी नव्हती. ड्यूटी मी मागून घेतली होती. आता या पत्रात सगळं खरं लिहायचं ठरवलंय, तेव्हा सुरुवात इथून करते.

डॉमिनिकला मी सांगितलं होतं, "आईची नक्कल कर. दुसरं कडवं म्हणताना पाय ओढत चाल, हातात काठी घे. तिला अशी थट्टा फार आवडते, पोट धरून हसेल." हे माझे शब्द. डबा मांडीवर ठेवून, तोंड पुसत मी हे म्हटलं. मला काय दिसत होतं ते तुला सांगते: आईचा चेहरा दगडासारखा होईल, गल्ली चिडीचूप होईल, मिस बर्नीस "अगंबाई" म्हणेल आणि त्या पोरीला पुन्हा कोणी आपल्या गल्लीत पाऊल ठेवू देणार नाही.

आणि ते बघायला मी तिथे नसणार होते. पण माझ्या फेरीचा रस्ता गल्लीच्या तोंडावरून जातो, हे तुला माहीत आहे. मलाही माहीत होतं.

दुपारी तिथे पोचले तर गर्दी खांब ओलांडून मोठ्या रस्त्यावर आलेली. पुढे जायला जागा नाही. मी गाडी उभी केली, दार उघडलं. निम्मी बस उतरून तुमच्याकडे पळाली. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "तुम्ही नाही येत?" मी म्हटलं, "मी ड्यूटीवर आहे." ते माझ्या खिडकीशी उभे राहिले, म्हणून पुढचं सगळं आम्ही दोघांनी पाहिलं. तुला बस दिसली असेल. बसमधून काय दिसत होतं ते तुला माहीत नाही.

तू सुरुवात केलीस. आई टेबलाशी खुर्चीत, रविवारची टोपी शनिवारी घालून. पहिलं कडवं तू तिच्याकडे बघून म्हटलंस. छान म्हटलंस. मग डॉमिनिक पुढे आली. हातात झाडू उलटा धरलेला, काठीसारखा. आणि तिने पाय ओढला.

गल्ली गप्प झाली. अगदी मला हवी होती तशी. पोरांनी दोरीच्या उड्या थांबवल्या. व्हॉनने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी स्टिअरिंग घट्ट धरलं. ती मात्र थांबली नाही. "टोपी" म्हणाली, दम घेतला नाही, ओढलेल्या पायाचा आवाज तिने ठेक्यात बसवला. जिथे आपण दोघी शब्द ओढायचो तिथे तिने पाय ओढला. शारीस, ते माझ्यापेक्षा चांगलं होतं. मला ते कधी सुचलं नसतं.

आई उठली. काठी न घेता. खांद्याला लावलेली पर्स आधी नीट केली, आणि म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ए पोरी! चुकीचा पाय ओढतेस. डावा नाही, उजवा!"

मग जे हसू फुटलं! मिस बर्नीसच्या हातातला मासा खाली पडला. माझ्या खिडकीशी उभे असलेले गृहस्थ डोळे पुसायला लागले. आईने डॉमिनिकचा हात धरला आणि तिला रस्त्याच्या मधोमध चालवायला लागली: "असा. कंबर आधी, पाय मागून. माझी कंबर फुकट नाही गेली, वीस वर्षं झाडून गेली आहे!" व्हॉनने ठेका पुन्हा सुरू केला आणि अख्खी गल्ली त्या दोघींच्या मागे उजवा पाय ओढत चालायला लागली. वीस वर्षांत जो विषय कोणी काढला नव्हता, त्यावर माझी आई नाचली.

त्या वेळी सगळे त्यांच्याकडे बघत होते. तुझ्याकडे मीच तेवढी बघत होते. तू माईक हातात धरून एकटी उभी होतीस. तुझं गाणं, तुझी मिस ओडेसा, आणि तिचा हात त्या कॅम्डनच्या पोरीच्या हातात. तो चेहरा मी ओळखते, शारीस. गेली दोन वर्षं मी तो रोज बसच्या आरशात बघतेय.

मग तू ओरडलीस. "बास! असं ठरलं नव्हतं! माझं गाणं आहे ते!" माईकवरून ओरडलीस, मोठ्या रस्त्यापर्यंत ऐकू आलं. माणसांनी वाट दिली तशी मी दार लावून गाडी काढली. तुला वाटलं असेल मी पळाले. पळालेच.

घरी आले तेव्हा सूर्य मावळायचा होता. तू आणि व्हॉन गाडीत बसून गेला होतात. डॉमिनिकला "तू येऊ नकोस" म्हणालीस म्हणे. ती आमच्या स्वयंपाकघरात होती. आईचा एप्रन बांधून, मॅकरोनीचे ट्रे पुसत. माझ्या जागेवर उभी राहून. खरं सांगते, त्याही क्षणी मला पहिलं वाटलं ते हेच, की हिने आता सिंकसुद्धा घेतला.

आई बाहेर रस्ता झाडून घेत होती. मी फडकं उचललं आणि दुसरी बाजू पुसायला लागले.

"तू मुद्दाम सांगितलंस ना?" डॉमिनिकने विचारलं. ट्रेकडे बघतच.

"हो."

"वाटलंच होतं मला."

"मग केलंस कशाला?"

"शारीसने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, बाकी काहीही कर, तिच्या चालण्याबद्दल तोंड उघडू नकोस. म्हणून तू सांगितलंस तेव्हाच कळलं मला. पण दीड वर्ष मी शारीसने सांगितलेलंच करतेय. तिने सांगितलेलं, म्हणजे तू केलेलं. म्हटलं एकदा तरी तुम्हा दोघींपैकी कोणीच केलं नसतं असं काहीतरी करू. फार तर हाकलून देतील."

"दिलं की."

"दिलं," ती म्हणाली आणि हसली. मग तोंड वळवून नळ सोडला, बराच वेळ.

आईने तिला विचारलं होतं, हे तुला शिकवलं कोणी. "मलाच सुचलं," असं ती म्हणाली. माझं नाव घेतलं नाही. मला तिचा राग करायचा होता गं. राग करायला काही शिल्लकच ठेवलं नाही तिने.

तिला मी कॅम्डनच्या बसमध्ये बसवून परत आले तर आई पायऱ्यांवर बसलेली. मी शेजारी बसले. म्हणाली, "गाणं चांगलं आहे शारीसचं. त्यातली मी जरा जास्तच चांगली आहे, पण असू दे. खरी मी तुझ्या वाट्याला आले." आणि माझ्या गुडघ्यावर हात टेकून उठली. एवढंच. पण त्या हाताचं वजन अजून गुडघ्यावर आहे.

आता आजचं. सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी अंघोळीला गेले होते. आईने निरोप दिला: डॉमिनिकला काढलं, सप्टेंबरमध्ये दौरा आहे, निटाची जागा निटाला हवी का ते विचारा. मी ओल्या केसांनी तशीच खुर्चीत बसले. दोन वर्षं ज्या फोनची वाट बघत होते तो आला. आला तो कशामुळे, तर मी एका पोरीला फसवलं म्हणून.

हवी आहे मला ती जागा. नको म्हटलं तर खोटं होईल. आत्ता हे लिहितानासुद्धा माझा पाय टेबलाखाली ठेका धरतोय. रजा कशी मिळेल, विम्याचं काय करायचं, याचा हिशोब अंघोळीचं पाणी निथळायच्या आत मनात करून झाला होता.

पण ती तिची आहे. तू तिच्यावर ओरडलीस ते तिने चूक केली म्हणून नाही. काल दुपारी आई तिची झाली म्हणून. मला माहीत आहे, कारण मी त्याच आजाराची जुनी रोगी आहे. मी तिला फसवलं आणि तू तिला काढलंस, आणि आपल्या दोघींपेक्षा चांगलं काम काल तिने केलं. हे मी तोंडाने कधी म्हणणार नाही, म्हणून लिहून देतेय.

तिच्या कॅम्डनच्या घरचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. माफी माग, आणि मीही मागितली आहे असं सांग. मी मागितलेली नाही, मागेन. तिला परत घे. आणि मला हेवा वाटायचा थांबला असं मुळीच समजू नकोस, दौऱ्याचा एकेक दिवस मी मोजणार आहे आणि प्रत्येक दिवशी जळणार आहे.

आज रविवार आहे, टपाल उद्या निघेल. तरी हे मी आत्ताच कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून येते. सकाळपर्यंत घरात राहिलं तर फाडून टाकीन, मी मला ओळखते. आणि तोवर तुझा पुन्हा फोन आला तर मी उचलणार नाही. तुझा आवाज ऐकला तर हो म्हणून बसेन.

निटा